पन्नाशीतला शिकाऊ वैमानिक

१४ सप्टेंबर १९३९. युरोपात महायुद्धाला तोंड फुटून दोन आठवडे झाले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, स्ट्रॅटफर्ड येथील विमान कारखान्याच्या आवारात त्या दिवशी एक विचित्र सांगाडा उभा होता. पोलादी नळ्या एकमेकींना जोडून केलेला, अंगावर धड आवरणही नसलेला. माथ्यावर तीन पात्यांचा, २८ फूट व्यासाचा पंखा. मागे लांब शेपटी आणि तिच्या टोकाला दुसरा लहान पंखा. पुढच्या उघड्या आसनावर डोक्यावर फेल्ट हॅट घातलेले पन्नास वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. यंत्र भलतीकडे जाऊ नये म्हणून त्याला दोर बांधून खाली वजने लावली होती. ७५ अश्वशक्तीचे इंजिन धडधडू लागले, सांगाडा थरथरला, चाके जमिनीपासून काही इंच सुटली आणि सुमारे दहा सेकंदांनी पुन्हा टेकली. त्या दिवशीचे उड्डाण म्हणतात ते एवढेच.

आसनावर बसलेले गृहस्थ इगॉर इव्हानोविच सिकॉर्स्की होते. वैमानिकाचा परवाना त्यांनी २८ वर्षांपूर्वी मिळवला होता. जगातले पहिले चार इंजिनांचे विमान त्यांनी रचले आणि स्वतः उडवले होते. त्यांच्या उडत्या नौकांमधून प्रवासी समुद्र ओलांडत होते. परंतु त्या सांगाड्यावर बसलेला माणूस सर्वार्थाने शिकाऊ होता. विमानाची सवय इथे फारशी उपयोगाची नव्हती आणि हे यंत्र कसे सांभाळायचे हे सांगणारा गुरू आसपास नव्हता.

सिकॉर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. वडील मानसशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. आईने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, मात्र व्यवसाय केला नाही. घर आणि मुले यांतच त्या रमल्या. लिओनार्दो दा व्हिंचीच्या चित्रवह्यांविषयी त्या मुलाला सांगत. सरळ वर चढणाऱ्या यंत्राची कल्पना त्या वह्यांमध्ये होती आणि ती मुलाच्या मनात घर करून बसली. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने रबराच्या पिळावर फिरणारे एक लहानसे हेलिकॉप्टर केले आणि ते खरोखरच हवेत चढले. राइट बंधूंचे पहिले उड्डाण त्यानंतर दोनएक वर्षांनी व्हायचे होते.

त्याच वयातील एका स्वप्नाची हकिगत सिकॉर्स्की यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवली. अक्रोडी लाकडाच्या दारांची अरुंद मार्गिका, छतावर निळसर दिवे, पायांखाली मंद कंप आणि आपण आकाशातील एका जहाजातून चालत आहोत ही जाणीव. कालांतराने १९३१ मध्ये स्वतः रचलेल्या एका मोठ्या उडत्या नौकेच्या कक्षातून चालताना तेच दृश्य आपल्यापुढे उभे राहिले, असे ते सांगत. स्वप्नाच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या स्मरणावर सोपवाव्यात हे बरे. रबराचे खेळणे मात्र स्वप्न नव्हते.

सेंट पीटर्सबर्गच्या नौदल विद्यालयात तीन वर्षे काढून इगॉर १९०६ मध्ये तेथून बाहेर पडला. ओढा यंत्रांकडे होता. काही काळ पॅरिसमध्ये शिकून त्याने कीव्हच्या तंत्रसंस्थेत नाव घातले. १९०८ च्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर जर्मनीत असताना राइट बंधूंच्या पराक्रमाचे वृत्त त्याच्या वाचनात आले आणि मनाचा निश्चय झाला. पुढल्याच वर्षी थोरली बहीण ओल्गा हिने दिलेले पैसे घेऊन तो पुन्हा पॅरिसला गेला. तेथे कॅप्टन फर्बेर या अनुभवी उड्डाणवीराने त्याला हेलिकॉप्टरच्या नादी न लागता विमानाकडे वळण्याचा सल्ला दिला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने तो ऐकून घेतला आणि २५ अश्वशक्तीचे अँझानी इंजिन विकत घेऊन कीव्हला हेलिकॉप्टरच करायला घेतले.

१९०९ चे पहिले यंत्र थरथरले, कलले, पण जमीन सोडीना. १९१० च्या दुसऱ्या यंत्राने स्वतःचे वजन कसेबसे उचलले. माणूस बसला की मात्र ते जागचे हलेना. इंजिने वजनाच्या मानाने दुबळी होती, पात्यांचे शास्त्र कुणालाच नीट उमगलेले नव्हते, आणि यंत्र वर गेलेच तर त्याचा तोल कसा राखायचा हा प्रश्न पुढे उभाच होता. सिकॉर्स्की यांनी दोन्ही यंत्रे बाजूला ठेवली. हार पत्करली असे म्हणण्यापेक्षा उधारी लिहून ठेवली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण ही बाकी त्यांच्या मनातून कधी पुसली गेली नाही.

मग विमाने. तीही आपली आपणच शिकायची होती. एस-२ या विमानाची सगळी उड्डाणे मिळून हवेतला वेळ जेमतेम आठ मिनिटांचा भरला आणि ते कोसळले. एस-५ मात्र तासाभरापेक्षा जास्त हवेत राहू शकले आणि १९११ मध्ये सिकॉर्स्की यांना ६४ क्रमांकाचा परवाना मिळाला. त्या दिवसांत एकदा इंजिन मध्येच बंद पडून ते कसेबसे खाली उतरले. शोध घेतला तेव्हा इंधनाच्या मार्गात एक डास अडकलेला आढळला. एका डासाने माणसाचा जीव धोक्यात येत असेल तर एकाच इंजिनाच्या भरवशावर राहता कामा नये, हा विचार तेथून सुरू झाला आणि १९१३ मध्ये चार इंजिनांचे, बंद कक्षाचे, आत बैठक आणि प्रसाधनगृह असलेले ‘ग्रँड’ आकाशात गेले. इतके मोठे विमान उडूच शकणार नाही असे म्हणणारे जाणकार तेव्हा थोडे नव्हते. त्यामागून आलेल्या ‘इल्या मूरोमेत्स’ने १९१४ च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्ग ते कीव्ह आणि परत असा प्रवास केला. युद्ध सुरू होताच हेच विमान बॉम्बफेकीसाठी वापरले गेले.

१९१७ च्या क्रांतीने सगळेच संपले. पहिला विवाह मोडला होता. लहानगी मुलगी रशियातच राहिली. १९१८ मध्ये सिकॉर्स्की देशाबाहेर पडले आणि फ्रान्समार्गे मार्च १९१९ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. खिशात काहीशे डॉलर होते आणि युद्ध संपल्यामुळे विमाने रचणाऱ्यांची कुणालाच गरज नव्हती. आपल्यासारख्याच निर्वासित रशियन कामगारांना गणित शिकवून त्यांनी काही वर्षे पोट भरले. १९२३ मध्ये लाँग आयलंडवर एका मित्राच्या कोंबड्यांच्या फार्मवर कारखाना उभा राहिला. भंगारातून धातूच्या पट्ट्या गोळा करून विमान बांधणे सुरू झाले. पैसे संपत आले असताना संगीतकार सर्गेई राखमानिनोव यांनी पाच हजार डॉलर गुंतवले आणि कंपनीचे उपाध्यक्ष म्हणून आपले नावही वापरू दिले. त्याच वर्षी बहिणी आणि मुलगी अमेरिकेत येऊन पोहोचल्या.

पुढली पंधरा वर्षे यशाची होती, तरी एक मोठा घाव त्यात आहे. १९२६ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस विनाथांबा उड्डाणासाठी फ्रेंच युद्धवीर रेने फोंक यांच्याकरिता त्यांनी एस-३५ हे विमान रचले. पुरेशा चाचण्या होण्याआधीच, प्रचंड वजन लादून ते धावपट्टीवर धावले, उचलले गेले नाही आणि पेटले. चौघांपैकी दोघे दगावले. घाईने हवेत जाण्याची किंमत सिकॉर्स्की यांनी त्या दिवशी पाहिली. पुढे हेलिकॉप्टरच्या वेळी दोर सोडण्याची त्यांनी जराही उतावीळ केली नाही, त्यामागे हे दृश्य असेल काय, असा विचार मनात येतो. पाणी व जमीन दोन्हींवर उतरणाऱ्या एस-३८ ने १९२८ पासून कंपनीला स्थैर्य दिले. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. पॅन अमेरिकन कंपनीच्या एस-४० आणि एस-४२ या उडत्या नौकांनी त्यांचे नाव जगभर नेले.

१९३८ मध्ये उडत्या नौकांचा धंदा बसला आणि पालक कंपनीने सिकॉर्स्की यांचा विभाग गुंडाळण्याचे ठरवले. त्यांच्याबरोबर रशियातून आलेले, कोंबड्यांच्या फार्मपासून साथ देणारे सहकारी होते. त्यांचीही रोजी-रोटी यात गुंतलेली होती. वरिष्ठांनी बोलावले तेव्हा सिकॉर्स्की यांनी एकच मागणी केली: हा चमू फोडू नका, आम्हाला हेलिकॉप्टर करू द्या. त्याचे पेटंट त्यांनी १९३१ मध्येच मागितले होते, १९३५ मध्ये ते मिळालेही होते. परवानगी मिळाली, थोडा पैसाही मिळाला. व्हीएस-३०० हे यंत्र त्या परवानगीतून जन्मले.

हेलिकॉप्टरचा शोध सिकॉर्स्की यांनी लावला, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सर्रास छापलेले आढळते. ते पूर्णतः खरे नाही. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी पाती बिजागरीवर बसवून ऑटोजायरो उडवले होते. जर्मनीत फोके यांचे दोन पंख्यांचे यंत्र १९३६ मध्ये उडाले आणि १९३८ मध्ये हाना राइच या वैमानिक महिलेने ते बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात फिरवून दाखवले. सिकॉर्स्की यांची खरी कामगिरी वेगळी आहे. वर एकच मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा ही रचना त्यांनी व्यवहारात आणली. जगातली बहुसंख्य हेलिकॉप्टरे आजही तशीच दिसतात, त्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. आणि ही रचना कशी उडवायची, हे त्यांनी स्वतःच्या हाडांनिशी शिकून घेतले.

अडचण अशी की माथ्यावरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीचा पंखा त्याला आवरतो. वैमानिकाने वर जाण्यासाठी पात्यांचा कोन वाढवला की धड फिरवणारा जोर वाढतो. मग पायाखालच्या पट्ट्यांनी शेपटीचा पंखा सावरावा लागतो. तो सावरला की यंत्र बाजूला सरकू लागते. ते थांबवायला हातातली दांडी हलवावी लागते, आणि ती हलवली की उंची कमी-जास्त होते. एकाला हात लावला की बाकीची तिन्ही बिघडतात. विमान वेगात असताना आपला तोल बराचसा आपणच धरते. अधांतरी उभे राहिलेले हेलिकॉप्टर तसे धरत नाही. ते बशीत ठेवलेल्या गोटीसारखे नसून पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखे असते. त्यातून दांडी हलवणे आणि यंत्र हलणे यांत क्षणभराचे अंतर पडते. नवखा माणूस काहीच झाले नाही असे समजून आणखी दांडी ढकलतो, तेवढ्यात पहिला परिणाम येऊन ठेपतो, तो घाबरून उलट खेचतो, आणि यंत्र झोक्यासारखे हेलकावू लागते.

ज्यांनी हौस म्हणून रिमोटवर चालणारे हेलिकॉप्टर घेतले आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. चार पंख्यांच्या चौकोनी ड्रोनविषयी हे नाही, ते आपला तोल आपणच सांभाळते. हे खऱ्या हेलिकॉप्टरसारखे पात्यांचा कोन बदलणारे यंत्र. पहिल्या दिवशी त्याच्या पायांना फुलीसारख्या दोन लांब काड्या बांधतात, टोकांना चेंडू लावतात, म्हणजे ते कलंडत नाही. शेपटी आपल्याकडे ठेवून उभे राहायचे, कारण तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते आणि हात गोंधळतात. जमिनीवर सरपटवायचे, मग एखादी उडी, मग दोन सेकंद, मग पाच. जमिनीच्या अगदी लगत पंख्याचाच वारा उलटून येतो आणि यंत्र अस्वस्थ होते, हेही तेव्हाच कळते. बोटांनी दांडी केसभर हलवायची आणि वाट पाहायची, हे शिकायलाच आठवडे जातात. आज संगणकावर सराव करता येतो, यंत्रात जायरो असतो, पाती मोडली तर नवी मागवता येतात. सिकॉर्स्की यांनी फुलीच्या काड्यांच्या जागी दोर आणि वजने लावली होती, आणि यंत्रात ते स्वतः बसले होते. आपण रचलेल्या यंत्रात प्रथम आपणच बसायचे, हा त्यांचा कीव्हपासूनचा नेम होता.

सप्टेंबरनंतरच्या उड्या अशाच काही सेकंदांच्या. यंत्र इतके थरथरे की बसणाऱ्याची आकृती अंधूक दिसे. प्रत्येक उडीनंतर काहीतरी बदलायचे, पुन्हा बसायचे. डिसेंबर १९३९ मध्ये वाऱ्याच्या एका झोताने ते कलंडले आणि मोडले. हिवाळा दुरुस्तीत गेला. माथ्यावरच्या पंख्याने दिशा देणे साधत नाही असे पाहून सिकॉर्स्की यांनी तो मार्ग तात्पुरता सोडला आणि शेपटीवर एक उभा व दोन आडवे असे तीन लहान पंखे बसवले. ज्या कल्पनेवर पेटंट मिळवले, जिच्यावर सगळी भिस्त ठेवली, ती बाजूला सारून कामचलाऊ रचना स्वीकारायला एक प्रकारचे धैर्य लागते. पन्नाशीनंतर तर जरा जास्तच. १३ मे १९४० रोजी दोर सोडले गेले आणि यंत्र प्रथमच मोकळे उडाले.

ते वर जाई, खाली येई, मागे जाई, डावी-उजवीकडे सरके, जागच्या जागी फिरे. फक्त पुढे जायला नीट तयार नसे. वेग घेतला की माथ्यावरच्या पंख्याचा वारा शेपटीच्या पंख्यांवर आदळे आणि हादरे बसत. ही उणीव वरिष्ठांच्या लक्षात आली तेव्हा तो एक किरकोळ प्रश्न आहे, अद्याप सुटलेला नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन सिकॉर्स्की यांनी वेळ मारून नेल्याचे सांगतात. स्वभाव अत्यंत सौम्य, वागणे जुन्या वळणाचे, सर्वांशी नम्र. पण विनोदबुद्धी शाबूत होती.

६ मे १९४१ रोजी त्यांनी हे यंत्र १ तास ३२ मिनिटे २६ सेकंद हवेत ठेवले आणि जर्मन यंत्राचा विक्रम मोडला. त्या दीड तासात ते कुठे गेले नाहीत. बहुतेक वेळ मैदानाच्या एका तुकड्यावर तरंगत राहिले. पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटावे असे ते दृश्य होते. ज्याने एकदा तरी हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर धरून पाहिले आहे त्यालाच त्यातले कष्ट कळतील. दहा सेकंदांपासून तिथवर यायला वीस महिने लागले होते. आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्याच्या दुसऱ्या दिवशी, आडवे पंखे काढून टाकलेले, माथ्यावरच्या एकाच पंख्याने सर्व दिशांना वळणारे व्हीएस-३०० उडाले. बाजूला ठेवलेली मूळ कल्पना तिच्या जागी परत आली होती.

दरम्यान लेस मॉरिस हा अनुभवी विमानचालक चाचण्यांसाठी आला होता. त्यालाही हेलिकॉप्टरची मुळाक्षरे नव्याने गिरवावी लागली. फरक इतकाच की त्याला शिकवायला आता एक माणूस होता. १४ जानेवारी १९४२ रोजी मॉरिसने सैन्यासाठी बांधलेले दोन आसनांचे एक्सआर-४ प्रथम उडवले आणि मे महिन्यात तेच यंत्र स्ट्रॅटफर्डहून ओहायोतील डेटनपर्यंत, ७६१ मैल, पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने नेले. डेटनच्या राइट फील्डवर १९४२ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात त्या यंत्रासमोर सिकॉर्स्की आणि ऑर्व्हिल राइट दिसतात. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी एक खेळणे आणून दिले होते. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांच्या रचनेचे, रबराच्या पिळावर उडणारे हेलिकॉप्टर. कीव्हच्या मुलाने बाराव्या वर्षी केलेले खेळणे त्याच जातीचे.

रिमोटच्या हेलिकॉप्टरांचा धागा मात्र दुसऱ्या एका माणसापाशी जातो, त्याचा उल्लेख येथे राहून जाऊ नये. पेनसिल्व्हेनियातील पाओली येथे आर्थर यंग हा तत्त्वज्ञानाची आवड असलेला तरुण त्याच काळात एका गोठ्यात लहान प्रतिकृती उडवत होता. तारेने जोडलेल्या, दुरून चालवायच्या. पात्यांशी काटकोनात बसवलेली वजनदार दांडी यंत्राला स्थिर ठेवते हे त्याने प्रतिकृतींवर सिद्ध केले आणि बेल कंपनीने ती घेतली. १९७० च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी रेडिओवर चालणारी हेलिकॉप्टरे हौशी लोकांच्या आवाक्यात आणली, तेव्हापासून कित्येक दशके त्या खेळण्यांच्या माथ्यावर तशाच प्रकारची दांडी फिरत असे. यंग प्रतिकृती फोडून शिकले, सिकॉर्स्की यांनी स्वतः बसून शिकणे पसंत केले. शहाणपण कोणात अधिक, हे सांगणे कठीण.

पुढचा इतिहास भारताजवळून जातो. एप्रिल १९४४ च्या अखेरीस आसाममधील लालाघाट तळावरचे सिकॉर्स्की यांच्या रचनेचे वायआर-४ घेऊन लेफ्टनंट कार्टर हार्मन हा तरुण ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरला. विमान पाडले गेलेला एक अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक तेथे अडकले होते. एका खेपेला एकच माणूस बसे. उष्ण, दमट हवेत इंजिनाचा जोर कमी पडे. हार्मनने खेपा करून चौघांनाही बाहेर काढले. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसे वाचवल्याची ही पहिली घटना. त्यानंतर दीड वर्षाने, नोव्हेंबर १९४५ मध्ये, कारखान्यापासून जवळच वादळात फुटत असलेल्या बार्जवरून दोघांना दोरीने वर ओढून घेण्यात आले; त्या वेळी हेलिकॉप्टर चालवत होते सिकॉर्स्की यांचे भाचे दिमित्री व्हायनर. भारतीय हवाई दलाचे पहिले हेलिकॉप्टर, १९५४ मध्ये दाखल झालेले एस-५५, सिकॉर्स्की यांचेच. दाबोळीच्या तळामुळे गोमंतकीयांना नौदलाची हेलिकॉप्टरे नित्याची झाली आहेत. त्या नौदलाने १९७१ पासून वापरलेले सी किंग ब्रिटनमध्ये बांधले गेले असले तरी त्याची मूळ रचना सिकॉर्स्की कंपनीची.

सिकॉर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले, तरी कारखान्यातल्या कार्यालयात येणे त्यांनी सोडले नाही. जगात कुठेही हेलिकॉप्टरने पुरातून, समुद्रातून, बर्फातून कुणाला वाचवल्याचे वृत्त आले की त्यांना विशेष समाधान होई. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी कनेक्टिकटमधील ईस्टन येथील राहत्या घरी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

व्हीएस-३०० त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. चार वर्षांत सगळी मिळून त्याने शंभर तासांच्या आसपास उड्डाणे केली. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये ते डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड यांच्या संग्रहालयाला देण्यात आले आणि आजही तेथेच आहे.